लाखेचा ठिपका

"या दोनातला कोन्ता आंधळ्याले जमंल, तेवढं सांग," तायडेबाबा म्हणाले आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही हातांनी चाचपू लागले.

टेबलावर दोन रेडिओ सेट होते. नुसते गाणी-बातम्या ऐकायचे नव्हेत, बोलायचेही. आम्ही हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, गच्चीवर तार ताणायची आणि घरबसल्या मुलखाशी गप्पा मारायच्या, हा आमचा छंद. लोक याला खूळ म्हणतात आणि त्यांचं फारसं चुकत नाही. सत्त्याण्णव सालचा जून होता. मी अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. दिवसभर पोरांनी बिघडवलेली यंत्रं दुरुस्त करायची आणि सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास रेडिओवर बसायचं, असं माझं चाललेलं असे.

तायडेबाबा वरचे, म्हणजे चिखलदऱ्याचे. सेट निवडायला खाली माझ्याकडे आले होते. निवृत्त तारमास्तर. बायको जाऊन सात-आठ वर्षं झालेली, मूलबाळ नाही, जेवणाचा डबा शेजारून येई. रेडिओच्या परीक्षेला लागणारी तारेची कट्टकडकट्ट, म्हणजे मोर्सची लिपी, मला त्यांनीच शिकवली, तीही पोस्टकार्डांवर टिंबं आणि रेघा लिहून. आता त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. उजवा डोळा गेलाच होता, डाव्यानं नुसता उजेड-अंधार कळायचा. त्यात मे महिन्यात वीज पडली आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बनवलेला, तेलाच्या डब्याच्या पत्र्यात बसवलेला सेट जळून गेला. त्या सेटच्या स्टेशन लावायच्या चकतीवर त्यांनी पोस्टातल्या तांबड्या लाखेचा एक ठिपका टाकून ठेवला होता. बोटाला ठिपका लागला की सभेची जागा आली.

सभा म्हणजे आमची सकाळची बैठक. रोज साडेसातला आम्ही दहा-बारा जण रेडिओच्या पट्ट्यावर एका ठरलेल्या जागी जमायचो आणि मी हजेरी घ्यायची. नियमाप्रमाणे आधी प्रत्येकाचं परवान्यावरचं नाव, मग आमच्या प्रेमाप्रमाणे गावाचं. ज्याचं गाव पुकारलं त्यानं बोलायचं. उत्तर आलं नाही तर तीनदा हाक मारायची आणि पुढे जायचं. बाबा त्या सभेत बोलायचे तेव्हा म्हातारे वाटत नसत. दिवसभरात त्यांच्याशी कोणी गप्पा मारत असेल तर ते आम्हीच.

दोन्ही सेट होते नागपूरच्या बर्वेकाकांचे. ते कायमचे मुलाकडे परदेशी निघाले होते. दोन्हींची किंमत एकच ठेवली होती. "आधी तायड्यांना निवडू दे, राहील तो तुझा," असं त्यांनी मला दोनदा बजावलं होतं. दोनदा का, ते त्यांनाच ठाऊक. माणूस ओळखून होते म्हणायचं.

बाबांचा हात आधी मोठ्या सेटवर पडला. जुना, जड, प्रत्येक कामाला एक वेगळं बटण आणि मधोमध तळहाताएवढी चकती. ती फिरवली की लोण्यातून बोट फिरवल्यासारखी फिरायची. बाबांनी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. मग आवाजाचं बटण शोधलं, मग चालू-बंदचं. कोणी न सांगता.

"वा बाप्पा," ते म्हणाले. "हा तं मायाच सेटचा मोठा भाऊ दिसते. इथी बाजूले पोचा हाय, नाई?"

"आहे. जुना झालाय तो, बाबा."

"आन् हा दुसरा?"

दुसरा नवा होता. वहीएवढा छोटा. समोर करंगळीच्या नखाएवढी बटणं, सत्तावीस. मी मोजली होती. एकेका बटणात दोन-दोन, तीन-तीन कामं कोंबलेली आणि काय चाललंय ते सांगायला एक लहानशी काच, तिच्यावर मुंगीएवढी अक्षरं. बाबांची बोटं त्या बटणांवरून तांदूळ निवडल्यासारखी फिरली आणि थांबली.

"याची चकती तं गरगर फिरूनच राह्यली. थांबतच नाई. ठिपका कुठी लावू?"

"ठिपक्याची गरजच नाही, बाबा. याला आठवण असते. सभेची जागा मी भरून देते. एक बटण दाबलं की झालं. आणि तो मोठा जुना आहे, उद्या बिघडला तर सुटे भाग कुठून आणायचे? वापरायला सोपा म्हणाल तर हाच."

मी हे इतक्या सहज बोलले की माझं मलाच खरं वाटलं.

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. दिसत नव्हतंच, पण कान देऊन ऐकताना ते तसं करत. टेबलावर बोटानं काहीतरी टकटक करत राहिले.

"आनखी एकडाव सांग. कोन्ता सोपा?"

"हा. छोटा."

"तू म्हन्तं तं सोपाच असंल," ते म्हणाले आणि त्यांनी मोठ्या सेटवर ठेवलेला हात उचलून घेतला.

आता लपवून काय करू? मला तो मोठा हवा होता. बर्वेकाकांकडून आणल्यापासून चार दिवस मी तो वापरत होते आणि चार दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. पंधरा वर्षं मी मोडक्यातोडक्या भागांतून जोडलेल्या सेटवर काढली होती. त्या चकतीवर हात ठेवला की आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. सुट्या भागांचं म्हटलं तर ते दोन्हींचे मिळत नव्हते.

तीन दिवसांनी बाबांच्या ओळखीचा एसटीचा कंडक्टर आला आणि छोटा सेट वर घेऊन गेला. मी सेटच्या आठवणीतल्या पहिल्या कप्प्यात सभेची जागा भरली होती, कोणतं बटण दाबायचं ते बाबांना दहा वेळा बोटानं दाखवलं होतं आणि बाकीच्या सव्वीस बटणांना हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. आंधळ्या माणसाला ‘हात लावू नका’ म्हणून सांगणारी मी पहिलीच असेन.

महिनाभर जमलं. हजेरीत "चिखलदरा" म्हटलं की बाबांचा आवाज यायचा. "बटनं लय बारीक हायेत व," असं एकदा म्हणाले.

"सवय होईल," मी म्हटलं आणि पुढचं गाव पुकारलं.

ऑगस्टच्या पाच तारखेला चिखलदऱ्याचं उत्तर आलं नाही. मी तीनदा हाक मारली आणि पुढे गेले. पाऊस जोरात होता, वर वीज नसेल. सहा तारखेलाही नाही. सातलाही नाही. तीन हाका मारायच्या, दोन क्षण थांबायचं, "पुढे जाऊ या" म्हणायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी मीच हाका भराभर मारू लागले.

बाबांच्या घरी फोन नव्हता, पण बाजारातल्या एसटीडी बूथवाल्याचा नंबर माझ्या वहीत होता. तो पोरगा धावत जाऊन बाबांना बोलावून आणायचा. सातव्या दिवशी मी कॉलेजातून तो नंबर फिरवला आणि घंटा वाजायच्या आत रिसीव्हर ठेवून दिला. फोनवर बाबा आले असते तर म्हणाले असते, "पोरी, हा सेट काई जमून नाई राह्यला." मग काय बोलायचं, ते माझं ठरलेलं नव्हतं. बस तीन तासांची होती. रविवारही मध्ये येऊन गेला. मी घरी बसून मोठ्या सेटची चकती फिरवत होते.

दहाव्या दिवशी सभेत अकोल्याच्या बाहेकरांनी बातमी दिली. ते औषधांच्या कंपनीत होते, गावोगाव फिरत. परतवाड्याच्या स्टँडवर त्यांना चिखलदऱ्याच्या एका ड्रायव्हरनं सांगितलं होतं, की वरचे पोस्टातून रिटायर झालेले म्हातारे परवा वारले. एकटेच राहायचे. पाऊस इतका, की लाकडं पेटेनात.

"पोस्टातले म्हातारे, एकटे राहणारे," बाहेकर म्हणाले. "आणखी कोण असणार?"

पुसद गप्प, यवतमाळ गप्प.

आणि मला काय वाटलं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. वाईट वाटलं, पण नंतर. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता कोणी मला सेटबद्दल विचारणार नव्हतं. हा विचार पुरता उमटला आणि मग मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून मला जरा बरंही वाटलं. माणूस स्वतःला फसवायला लागला की किती पायऱ्या उतरतो, ते त्या सकाळी कळलं.

आमच्यात कोणी गेलं की दुसऱ्या दिवशी सभेत श्रद्धांजली व्हायची. त्याचं गाव शेवटचं एकदा पुकारायचं, दोन शब्द बोलायचे, मग एक मिनिट जागा मोकळी सोडायची. कोणीही बोलायचं नाही. रेडिओवाल्यांची हीच फुलं.

पंधरा ऑगस्ट होता. कॉलेजात झेंडावंदन उशिरा होतं, म्हणून मी बसले. "चिखलदरा," मी शेवटची हाक मारली आणि बोलले. पोस्टकार्डांवरची टिंबं-रेघा सांगितल्या. "त्यांच्यासारखा निरिच्छ माणूस मी पाहिला नाही," असंही म्हटलं. बाहेकर बोलले, यवतमाळच्या डॉक्टरांना तर बोलवेना. मग मी म्हटलं, "आता एक मिनिट."

एक मिनिट खूप मोठं असतं. सेटमधून नुसती खरखर येत होती आणि ती खरखर मला सोसवेना. हाताला चाळा म्हणून मी चकती फिरवली. थोडी इकडे, थोडी तिकडे. आमच्या जागेपासून जरा वर, जिथे सकाळी कुणी नसतं, तिथे एक आवाज आला.

"...मेलो नाई रे बाप्पा! बाहेकर! मी बोलून राह्यलो, मी! आरे, पोस्टमास्तर बोंडे मेला, मी तारमास्तर हाय! डॉक्टर, रडू नोको. कुंदा, पोरी, आइकून राह्यली का? मी इथीच हाय. मले सारं आइकू येते. सारं आइकू येते, फक्त माया आवाज..."

मी चकती सोडली नाही. तो आवाज घोगरा झालेला होता, पण बाबांचाच होता.

काय झालं होतं, ते मला त्या क्षणी समजलं. त्या छोट्या सेटवर एक बटण असतं. ते दाबलं की ऐकायचं एका जागी आणि बोलायचं दुसऱ्याच जागी. दूरदेशीच्या स्टेशनांसाठी ती सोय. काचेवर एक बारीक अक्षर उमटतं, तेवढंच. बाबांचं बोट कधीतरी घसरलं होतं. सभा त्यांना रोज नीट ऐकू येत होती. त्यांचा आवाज मात्र भलत्याच ठिकाणी जात होता, आणि तिथे ऐकायला कोणी नव्हतं. मी तिथेच त्यांना उत्तर दिलं असतं तर तेही त्यांना ऐकू गेलं नसतं.

मी चकती फिरवून सभेच्या जागेवर आले आणि शांततेचं मिनिट मोडलं.

"बाबा, मी कुंदा. तुमचा आवाज मला सापडला. तुम्ही जिवंत आहात. सगळे ऐका, बाबा जिवंत आहेत. बाबा, मी इथे बोलते आणि तिथे येऊन ऐकते. बोला."

पुन्हा चकती वर. कितीतरी वेळ नुसती खरखर होती. मग ते बोलले.

"सापडलो का?"

एवढंच. मी खाली आले, "सापडलात" म्हटलं, परत वर गेले.

"अकरा दिवस झाले, पोरी. तू चिखलदरा म्हन्ली का मी बटन दाबून बोलो. तू तीनदा हाक मारो, मी तीनदा ओ देओ. मंग तू म्हनो, पुढे जाऊ या. मले वाटलं..." ते थांबले. "मले वाटलं, तुमी लोकं मुद्दाम नाई बोलून राह्यले. म्हातारा लय बोलते, कंटाळले असतीन."

ते बटण कोणतं, हे मला त्यांना सांगता येईना. मी तो सेट त्यांच्यासाठी निवडला होता, पण त्याचं पुस्तक मी धड वाचलेलंही नव्हतं.

झेंडावंदन बुडवलं. मोठा सेट चादरीत गुंडाळला आणि दहाच्या बसनं निघाले. परतवाडा सुटल्यावर घाट लागला, धुकं लागलं, मांडीवरचं ओझं पोटात रुतत होतं. वाटेत मी काय सांगायचं ते पाठ केलं. बाबा, तसाच दुसरा एक सेट मिळाला, बर्वेकाकांनी पाठवला. अजूनही मी खोटंच बोलायला निघाले होते.

बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. अंगावर कांबळं, दाढी वाढलेली.

"बसनंच आली का? कॉफी करतो. इथलीच हाय, मीच भाजली."

"मी करते, बाबा."

"बस. डोळे गेले, हात नाई गेले."

त्यांनी कॉफी केली. मी तोवर सेट त्यांच्या टेबलावर मांडला, तारा जोडल्या. छोटा सेट बाजूला ठेवला. त्याच्या बटणांवर त्यांनी जागोजागी लाख चिकटवून पाहिली होती. एका बटणावर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर पीठ मळून लावल्यासारखा गोळा. सगळं एकमेकांत मिसळलं होतं. ते पाहूनही मी पाठ केलेलंच बोलले.

"बाबा, बर्वेकाकांनी आणखी एक पाठवला. मोठ्यासारखाच."

"असं?" म्हणत ते आले. चकतीवर हात ठेवला, फिरवली. मग तो हात सावकाश बाजूला सरकला आणि पोच्यावर येऊन थांबला. बोटानं त्यांनी तो पोचा दोनदा गोल फिरून पाहिला.

मी खाली मान घातली. त्यांना दिसत नव्हतं, तरी घातली.

"कॉफी थंडी होते," ते म्हणाले.

आम्ही कॉफी प्यायलो. बाहेर धुक्यात कोणीतरी गाय हाकत होतं.

"बाबा, मी खोटं बोलले."

"आता?"

"आत्ताही. आणि तेव्हाही. हा तोच सेट आहे. मला हवा होता म्हणून..."

"तवाच समजलं होतं मले," ते म्हणाले. "कुंदा, मी छत्तीस वर्सं तारा घेतल्या. तिकडचा मानूस दिसत नसे, पन त्याच्या हातावरून समजे, का बाप मेला म्हून तार करते का पोरगा झाला म्हून. तुया आवाज त्या दिवशी येगळाच लागून राह्यला होता. म्हून तं दुसऱ्यांदा इचारलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुले पायजे होता ना. मले वाटलं, आपन शिकून घेऊ. तुयाजवळ राह्यला तं चांगलंच." ते जरा हसले. "पन तू मांगाले पायजे होता, पोरी. मांगतला असता तं देला असता. मी खुशीनं देला असता आन् तुले खोटं बोला लागलं नसतं."

ते रागावले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी कपबशा उचलल्या आणि मोरीत नेऊन उगाच तीनतीनदा धुतल्या.

परत आले तेव्हा त्यांनी मेणबत्तीवर लाख धरली होती. "सभेची जागा लाव," म्हणाले. मी चकती फिरवून लावली. त्यांनी बोटाच्या अंदाजानं ठिपका टाकला, फुंकर घातली आणि गार झाल्यावर चाचपून पाहिला.

"आता जा. शेवटची गाडी पाचची हाय. छोटा घेऊन जा संगं. आन् उद्या हजेरी घेशीन तं चिखलदरा जरा सावकाश म्हन."

मी सावकाश म्हणायचे. चार वर्षं म्हणत होते. बाबा ओ द्यायचे, लांबलचक बोलायचे, कोणी त्यांना थांबवत नसे. चार वर्षांनी एका फेब्रुवारीत चिखलदरा पुन्हा गप्प झालं. त्या दिवशी मी सगळा बँड तीनदा खालीवर धुंडाळला, मग बूथवर फोन केला, मग बस पकडली. तेव्हा बातमी खरी होती.

बाबांनी शेजाऱ्यांकडून चिठ्ठी लिहवून ठेवली होती, सेट अमरावतीला द्यावा म्हणून. तो आता माझ्याकडे आहे. न मागता मिळालेला. नंतरच्या काळात आमच्या सभेची जागा बदलली, थोडी वर सरकली, त्यामुळे लाखेचा ठिपका आता रिकाम्या जागेवर येतो. मी तो खरवडलेला नाही. सकाळी साडेसातला पाच मिनिटं कमी असताना सेट लावते, बोटाला ठिपका लागेपर्यंत चकती फिरवते, एकदा "चिखलदरा" म्हणते आणि थोडा वेळ थांबते. मग सभेच्या जागेवर जाते आणि हजेरी घेते.